पलंगापासून संडासापर्यंत: नागपुरात घरच्या थकलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या नवख्यांसाठी

दवाखान्यातून सुट्टी होते तेव्हा हातात एक कागद मिळतो. त्यावर गोळ्यांची नावं असतात, 'पंधरा दिवसांनी दाखवणे' असतं, कधी 'पथ्य: साधा आहार' असतं. घरी आणल्यावर पहिल्याच रात्री दोन वाजता बाबांना लघवीला उठवायचं कसं, हे मात्र त्यावर कुणी लिहीत नाही. हा लेख त्या राहिलेल्या भागाबद्दल आहे.

माझं म्हणणं एकच आहे आणि पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. म्हातारं माणूस जोवर आपल्या पायांनी, हवं तर कुणाचा हात धरून, संडासापर्यंत जाऊन येतं तोवर घर निभावून नेतं. ते थांबलं की सांभाळणाऱ्याची झोप, कंबर आणि महिन्याचा खर्च, तिन्ही बिघडतात. म्हणून बाकी कशाच्याही आधी पलंग ते संडास ही वाट सांभाळा.

आधी अंदाज घ्या

'वय झालं' एवढ्यावर थांबू नका. डॉक्टर ज्याला फ्रेल्टी (म्हातारपणी शरीर खचणं) म्हणतात त्याच्या 2001 पासून वापरात असलेल्या पाच खुणा आहेत: वजन आपोआप उतरणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. यांतल्या तीन किंवा जास्त दिसत असतील तर साधं सर्दी-पडसंही अशा माणसाला आठवडाभर आडवं करू शकतं, हे धरून चाला.

घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे साधारण दहा फुटांवर, खडूची रेघ ओढा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी किंवा वॉकर असेल तर तो घेऊनच. मोबाईलवर वेळ लावा. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे. महिन्यातून एकदा हा आकडा लिहून ठेवा. 'बरं नाही वाटत' यापेक्षा 'मागच्या महिन्यात चौदा होते, आता बावीस' हे डॉक्टरला जास्त सांगतं. चाचणी घेताना शेजारी उभे राहा, लांबून पाहत बसू नका.

मग वाट साफ करा

महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत संडास मागच्या अंगणात असतो, मध्ये उंबरे, एखादी पायरी, कोपऱ्यात शेवाळलेली फरशी. मानेवाडा-बेसाकडच्या फ्लॅटमध्ये सगळं जवळ असतं, पण बाथरूम इतकं अरुंद की वॉकर आत वळत नाही. दोन्हीकडे काम एकच: पलंगावर बसा आणि त्यांच्या नजरेने संडासापर्यंत चालून पाहा. पायपुसणं, सतरंजीची दुमडलेली कड, टीव्हीची वायर, चपलांचा ढीग, सगळं बाजूला. आजींची जुनी ढिली स्लीपर टाकून मागे पट्टा असलेली चप्पल आणा. लुगडं किंवा गाऊन घोट्याच्या वर राहील असं नेसवा.

संडासात तीन गोष्टी कराच. पहिली, भिंतीत ड्रिल मारून स्टीलचा दांडा. सक्शनवर चिकटवायचे दांडे नकोत आणि टॉवेलच्या दांडीला तर हात लावू देऊ नका, ती माणसाचं वजन पेलत नाही. दुसरी, भारतीय बैठक असेल तर तिच्यावर ठेवायची कमोड खुर्ची. तिसरी गोष्ट घरोघरी राहून जाते: दाराची कडी. आतून कडी लावून माणूस आत पडलं तर दार तोडावं लागतं, आणि दार आत उघडत असेल तर ते पडलेल्या अंगालाच अडतं. कडी काढून टाका किंवा बाहेरून उघडेल अशी लावा, आणि सुताराकडून दार बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घ्या. लाज वाटत असेल तर पडदा लावा.

पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतात आणि गुडघे काटकोनात राहतात. खूप बुटका दिवाण असेल तर दिवाणाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घाला. धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या आसपास आणि मेडिकल चौकात सामानाची दुकानं आहेत. तिथे वॉकर, व्हीलचेअर, फाउलर बेड (डोक्याकडची बाजू वर करता येणारा पलंग), एअर मॅट्रेस भाड्यानेही मिळतं. पलंग विकत घेण्याची घाई करू नका. एक महिना भाड्याने घ्या, मग ठरवा. वॉकर मात्र स्वतःचा आणि उंची जुळवलेला हवा: हात सरळ खाली सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या पातळीला आली पाहिजे.

रात्र

पडापडी रात्रीही होते आणि सांभाळणाऱ्याचं डोकं तर रात्रीच फिरतं. संध्याकाळी सहानंतर चहा बंद. पाणी बंद नाही, फक्त दिवसा जास्त आणि रात्री थोडं. लघवी होण्याची गोळी रात्री असेल तर ती सकाळी चालेल का, हे डॉक्टरला विचारा. झोपण्याआधी एकदा नेऊन आणा. वाटेवर बारीक दिवा जळत राहू द्या. हाताशी घंटी ठेवा, साधी पूजेची चालते. पुरुषांसाठी पलंगाशेजारी युरिन पॉट ठेवला तर रात्रीची निम्मी वणवण वाचते.

डायपरबद्दल माझं मत कडक आहे. रात्री किंवा प्रवासात लावा, त्यात गैर काही नाही. पण दिवसा 'उठवायला कुणी नाही' म्हणून लावलेला डायपर हळूहळू पाय घालवतो, कारण उठण्याचं कारणच संपतं. त्यापेक्षा दर दोन-तीन तासांनी, लागली असो-नसो, नेऊन आणा. पहिले काही दिवस आबाजी कुरकुर करतील. नंतर अंगवळणी पडतं.

उठवणं आणि चालवणं

दंड धरून वर ओढू नका. त्यांचा खांदा निखळू शकतो आणि तुमची कंबर जाते. त्यांना काठावर सरकवा, पाय मागे घ्यायला लावा, 'नाक पायाच्या बोटांवर' म्हणा म्हणजे ते आपोआप पुढे झुकतात, आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरून उठवा. उठल्यावर दहा आकडे मोजेस्तोवर उभं राहायचं, मगच पहिलं पाऊल. फिजिओथेरपिस्ट घरी येतात. रोज नाही परवडलं तरी सुरुवातीच्या थोड्या भेटींत हे सगळं तुम्ही त्यांच्याकडून शिकून घ्या, कारण रोजचा फिजिओ तुम्हीच असणार आहात.

सगळ्यात कामाचा व्यायाम म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. आणि जेवण पलंगावर द्यायचं नाही, खुर्चीत बसवून द्यायचं. ठसका लागत असेल तर हे आणखी महत्त्वाचं: ताठ बसवून, छोटे घास, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही.

पडलेच तर लगेच उचलायला धावू नका. आधी विचारा कुठं दुखतं. एक पाय आखूड दिसत असेल किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला असेल तर खुब्याचं हाड मोडल्याची शंका घ्या, जागचं हलवू नका, 108 लावा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल तर ते कितीही 'मी ठीक आहे' म्हणाले तरी दवाखान्यात न्या.

जेवण आणि गोळ्या

म्हातारपणी 'हलकं' म्हणून नुसता मऊ भात दिला जातो आणि स्नायू उतरतात. किडनीचा आजार नसेल तर दर किलो वजनामागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं हवीत. पन्नास किलोच्या आजीला म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. घट्ट वरण, घोटलेली उसळ, दही, पनीर, अंडं, सातूचं पीठ, दाण्याचा कूट भाजीत. दात नसतील तर ज्वारीची भाकर वरणात कुस्करून द्या. थोडं थोडं, पाच वेळा.

गोळ्यांचं एक काम आजच करा. घरातल्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक पुड्या, डोळ्यांचे थेंब, शेजारच्यांनी दिलेली दुखण्याची गोळी, सगळं एका पिशवीत भरा आणि ती पिशवी डॉक्टरसमोर रिकामी करा. हृदयाचा डॉक्टर वेगळा, मेंदूचा वेगळा, प्रोस्टेटचा वेगळा. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू असल्याचं अशा वेळी सापडतं. झोपेच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या आणि रोजची पेनकिलर, या तिघांबद्दल मुद्दाम विचारा. पहिल्या दोन तोल घालवतात आणि गोंधळ वाढवतात, तिसरी किडनीला महाग पडते. मनानं मात्र काही बंद करू नका. झोपेची गोळी एकदम तोडली तर त्रास होतो, ती डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात.

बीपी आडवं असताना घ्या, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर उठल्यावर येणाऱ्या चकरेचं कारण बहुधा तेच. दवाखान्यात बसवून एकदाच बीपी घेतात, म्हणून हे घरच्यांनीच सांगावं लागतं.

एप्रिल ते जून

इथला उन्हाळा हा वेगळा आजार समजा. पारा 45 च्या पुढे जातो, आणि म्हाताऱ्या शरीराला तहान कमी लागते, घामही कमी येतो. 'पाणी हवं का' असं विचारलंत तर उत्तर 'नको' असंच येणार. विचारू नका, हातात द्या. ताक, पन्हं, ज्वारीची आंबील, लिंबू-मीठ-साखर. सकाळी एक तांब्या भरून ठेवा आणि संध्याकाळी किती उरलं ते पाहा. लघवी गडद पिवळी म्हणजे पाणी कमी. हृदय किंवा किडनीच्या रुग्णांना पाण्याचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं, त्यांनी ते पाळावं. मार्च संपायच्या आत डॉक्टरला एक प्रश्न विचारा: बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांचा डोस उन्हाळ्यात बदलायचा का?

गच्चीखालची खोली दुपारी भट्टी होते. नवतपा येण्याआधी पलंग खालच्या माळ्यावर आणा, निदान पश्चिमेची भिंत सोडून दुसरीकडे न्या. कूलरच्या बाबतीत दोन धोके. एक शॉकचा: पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या, बॉडीला हात लावायची सवय आबाजींना मोडायला लावा. दुसरा, कूलरखालची ओली फरशी, जी नेमकी संडासाच्या वाटेवर असते. पाऊस लागला की कूलर दमटपणाच वाढवतो, तेव्हा पंखा बरा. रात्री थेट झोत अंगावर नको.

अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतंय, सुस्त पडलंय, तर तो उष्माघात समजा. 108 लावा आणि गाडी येईस्तोवर कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून पंखा लावा, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. कांदा खिशात ठेवणारे नातेवाईक या वेळी सल्ले देतील. त्यांना बर्फ आणायला पाठवा.

हिवाळ्यात उलटा प्रकार: थंडीमुळे पाणीच पीत नाहीत, मग बद्धकोष्ठ होतो. कोमट पाणी द्या, एवढं पुरतं.

एका रात्रीत माणूस बदललं तर

काल नीट बोलणारी आजी आज अचानक बरळते, घरच्यांना ओळखत नाही, नाहीतर दिवसभर नुसती पेंगते. याला 'वयामुळे' म्हणू नका. विसराळूपणाचा आजार महिन्या-वर्षांत वाढतो. एका-दोन दिवसांत आलेला गोंधळ बहुतेकदा शरीरातल्या कशाची तरी खूण असतो: लघवीचा संसर्ग (ताप नसतानाही), न्यूमोनिया, रक्तातलं सोडियम उतरणं, तुंबलेली लघवी, चार दिवसांचा बद्धकोष्ठ किंवा नवीन सुरू झालेली गोळी. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. घरी चष्मा आणि कानाचं मशीन लावून द्या, दिवसा पडदे उघडे ठेवा, ओळखीचं माणूस जवळ बसवा.

आणि माणूस खाटेला खिळलंच असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात पाहा. दाबल्यावरही न जाणारा लाल डाग म्हणजे जखमेची सुरुवात, तिथे मालिश करायची नाही. टाचांखाली नाही, पोटऱ्यांखाली उशी द्या. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलणं सुटत नाही, दुकानदार काहीही सांगो.

कोण करणार

आता सगळ्यात अवघड भाग. बहुतेक घरांत हे काम न विचारता सुनेवर किंवा लग्न न झालेल्या मुलीवर येऊन पडतं, आणि बाकीचे 'तुलाच जमतं बाई' म्हणून कौतुक करतात. कौतुकाने कंबर दुखायची थांबत नाही. सुट्टी झाली त्याच आठवड्यात सगळ्यांना बसवा आणि कागदावर कामं लिहा: रात्री कोण उठणार, आंघोळ कोण घालणार, दवाखान्यात कोण नेणार, पैसे कोण किती देणार. पुण्याला किंवा बाहेरदेशी असलेल्या मुलालाही काम द्या. ऑनलाइन औषधं मागवणं, विम्याचे कागद, बिलं, आयाचा पगार हे सगळं फोनवरून होतं. वर्षातून काही आठवडे त्याने इथे राहून रात्र सांभाळायची, हेही कागदावर हवं. व्हिडिओ कॉलवर 'आई बारीक दिसते' म्हणणाऱ्या माणसाला हातात एक काम असलं की बोलणं आपोआप मोजकं होतं.

बाहेरची मदत घेणार असाल तर ब्युरोतून बारा किंवा चोवीस तासांची आया मिळते, पुरुष रुग्णाला पुरुष माणूस मागा. ठेवण्याआधी विचारून घ्या: ती सुट्टीवर गेली तर बदली कोण पाठवणार? ब्युरोचा वाटा किती आणि बाईंच्या हातात किती पडतात? तिने याआधी पेशंट उचललाय का, नळीतून भरवलंय का? ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी घ्याच. पहिले दोन-तीन दिवस घरातलं कुणीतरी सोबत राहा. भांडी, स्वयंपाक, पोरांचे डबे हे तिच्या कामात नाहीत, हे घरातल्यांनाच आधी बजावा. जेवण तुमच्याकडे की तिचा डबा, झोपायला जागा कुठे, हे पहिल्याच दिवशी ठरलं की महिनाभरात आया पळून जाण्याचं निम्मं कारण मिटतं. चोवीस तासांच्या बाईला रात्री चार वेळा उठवत असाल तर दिवसा झोपू द्या. तीही माणूसच आहे.

सांभाळणाऱ्याला राग येतो. एकच प्रश्न विसाव्यांदा विचारल्यावर आवाज चढतो, एखाद्या दिवशी हातही उगारावासा वाटतो. तसं झालं तर माणूस सुरक्षित बसलंय ना ते पाहून खोलीबाहेर या, दहा मिनिटं ओट्यावर बसा. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, असं आठवडा-दोन आठवडे चाललं तर टेली-मानस 14416 वर बोला, ते रात्रंदिवस चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. आठवड्यातला एक अर्धा दिवस तुमचा म्हणून राखून ठेवा, आणि तो दिवस बँकेत किंवा गॅसच्या रांगेत घालवू नका.

थोड्या दिवसांसाठी बाहेर ठेवायची वेळ आली तर एक लक्षात घ्या: बहुतेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसांनाच घेतात. अंथरुणावरच्यांसाठी वेगळी केअर सेंटर असतात. जागा पाहायला न कळवता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी जा. वास कसा आहे, रात्री किती माणसं कामावर असतात, कूस बदलल्याची नोंद ठेवतात का, हे तीन प्रश्न पुरतात.

कागद आणि पैसा

वय 70 किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर 2024 पासून आहे, उत्पन्नाची अट नाही, आधार लागतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतचा भरती होऊन घेतलेला उपचार त्यात बसतो. ओपीडी, आया, डायपर यांचा खर्च त्यात येत नाही, म्हणून त्या पैशाची सोय वेगळी हवी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना वॉकर-चष्मा अशा साधनांसाठी 3,000 रुपये मिळतात. अगदी गरीब घरासाठी श्रावणबाळ योजनेचं महिन्याला 1,500 रुपये आहे, अर्ज तहसील कार्यालयात.

पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, 80 वर्षांवरच्यांना 1 ऑक्टोबरपासून. चेहरा दाखवून मोबाईलवर 'जीवन प्रमाण' होतं, आजीला रिक्षात घालून बँकेत न्यायची गरज नाही. 70 वर्षांवरच्यांना बँकेने घरी येऊन साध्या सेवा द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच सांगितलं आहे. शाखेत लेखी अर्ज द्या. खातं 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' अशा पद्धतीचं करून घ्या, पण ते अजून सही करू शकतात आणि त्यांना समजतं आहे तोवरच.

मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स अशा सरकारी दवाखान्यात न्यायचं झालं तर सकाळी लवकर, दोघांनी जा. एक रांगेत, एक त्यांच्याजवळ. सोबत पाणी, बिस्किटं, एक डायपर, सुके कपडे, गोळ्यांची ती पिशवी.

मुलं सांभाळत नसतील किंवा घर नावावर करून घेऊन बाहेर काढलं असेल, तर पालक आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यासमोरच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र कलम 23 नुसार रद्द होऊ शकतं, म्हणून ती अट बक्षीसपत्रातच लिहून घ्या. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. हा नंबर, 108, 112 आणि घरच्या डॉक्टरचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवा, आणि दुसरी प्रत शेजाऱ्यांकडे घराच्या किल्लीसोबत ठेवा.